पट्ट्याला लावलं की दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जातो: सुधारलेला कुत्रा पुन्हा बिघडतो कशामुळे?

तक्रार बहुतेकांची एकाच साच्यातली असते. "घरात एकदम गरीब आहे हो, पण खाली नेला आणि दुसरं कुत्रं दिसलं की अंगात आल्यासारखं करतो." मागच्या दोन पायांवर उभा राहून भुंकतो, पट्टा हातातून सुटेल इतका ओढतो, नंतर पाच मिनिटं धापा टाकत राहतो. ट्रेनर लावला, थोडे दिवस बरं चाललं, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पहिल्यांदा काय करावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. सुधारलेलं पुन्हा का बिघडलं हे शोधून द्यायला कोणी बसत नाही, म्हणून इथे भर त्यावर आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: नव्वद टक्के मेहनत लोक भुंकणं थांबवण्यावर घालवतात, आणि खरं काम असतं अंतर सांभाळण्याचं. अंतर चुकलं की पनीरही उपयोगी पडत नाही आणि ओरडणंही.

आधी डॉक्टर, मग ट्रेनर

पाच-सहा वर्षांचा समजूतदार कुत्रा महिन्याभरात असा वागायला लागला तर शिकवण्याचा प्रश्न नंतर. आधी तपासणी करून घ्या. दुखणाऱ्या जनावराला कोणी जवळ आलेलं नको असतं. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डच्या कंबरेचे, मागच्या पायांचे सांधे, पावसाळ्यात लांब कानांच्या कुत्र्यांचे चिकट, वास मारणारे कान, गोचिडांमुळे येणारा ताप, किडलेली दाढ, म्हातारपणी कमी झालेली नजर, थायरॉइड: यातलं काहीही "अचानक रागीट झालाय" असं रूप घेऊन समोर येऊ शकतं. लक्षणं बारीक असतात. जिना चढताना थांबणं, गाडीत उडी मारायची टाळणं, हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घालताना मान फिरवणं. डॉक्टरांच्या टेबलावर बरेचसे कुत्रे घाबरून ताठ उभे राहतात आणि काहीच दाखवत नाहीत, म्हणून घरी चालतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन जा.

सहा महिने ते दीड वर्ष या वयात सुरू झालं असेल तर ते बहुधा वयात येण्याचं आहे. "नसबंदी केली की शांत होईल" हा सल्ला या वेळी हमखास मिळतो. नसबंदीची स्वतंत्र कारणं आहेत आणि ती करावीच की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण भीतीपोटी होणारं भुंकणं त्यानं जात नाही.

भुंकण्यातून त्याला मिळतं काय?

कुत्र्याच्या बाजूनं हिशोब करून बघा. समोरून एक कुत्रं आलं, हा भुंकला, ते निघून गेलं. ते आपल्या वाटेनं जाणारच होतं, पण याच्या दृष्टीनं भुंकणं लागू पडलं. दिवसातून दोनदा फिरणं, प्रत्येक वेळी एक-दोन कुत्री, आणि दर वेळी "औषध" गुणकारी. असा सराव चालू असताना रविवारी तासभर ट्रेनर येऊन काय मोठा फरक पाडणार?

दोन प्रकार वेगळे ओळखता आले तर बरं. घाबरलेला कुत्रा भुंकायच्या आधी सांगत असतो: ओठांवरून जीभ फिरवतो, कान मागे नेतो, अंगाचं वजन मागच्या पायांवर टाकतो, जांभई देतो. दुसरा प्रकार हावरटाचा. मोकळा सोडला की सगळ्यांशी मजेत खेळतो आणि पट्ट्याला लावला की भेटायला मिळत नाही म्हणून थयथयाट करतो. हा पुढे झेपावतो, मध्येच बारीक कुंईकुंई करतो. बीगल आणि तरुण लॅब्रेडॉर यांत बरेच. रस्त्यानं जाताना भेटेल त्या कुत्र्याशी नाकाला नाक लावू देणारे मालक हा प्रकार स्वतःच्या हातानं तयार करतात, हे माझं स्पष्ट मत. दोन्हींचा उपाय सुरुवातीला सारखाच आहे, म्हणून नक्की कोणता प्रकार हे कळेना म्हणून अडून बसू नका.

अंतर कसं मोजायचं

प्रत्येक कुत्र्याची एक हद्द असते. तिच्या पलीकडे दुसरं कुत्रं असेल तोवर डोकं चालतं, अलीकडे आलं की फक्त घसा चालतो. ही हद्द कोणाची दहा मीटर, कोणाची पन्नास, आणि एकाच कुत्र्याची सकाळी वेगळी, रात्री वेगळी. ती टेपनं मोजता येत नाही. तो तुमच्या हातातून खातो कसा, यावरून कळते.

हरभऱ्याच्या दाण्याएवढा पनीरचा तुकडा बोटांत धरा. लांब कुत्रं दिसल्यावर यानं ते पाहिलं, मग मान वळवून तुकडा ओठांनी अलगद उचलला, तर तुम्ही योग्य जागी आहात. दात बोटांना लागले, हिसकावून घेतला, चावलाही नाही, नजर तिकडेच, तर काठावर आहात, चार पावलं मागे या. तुकडा नाकाला लावूनही घेतला नाही किंवा तोंडातून पडला, तर हद्द कधीच ओलांडली आहे. आता शिकवणं बंद, तिथून निघा. "आमचा बाहेर काही खातच नाही" म्हणणारे जवळजवळ सगळे या तिसऱ्या जागी उभे असतात.

खाऊ मात्र घरच्या रोजच्या दाण्यांपेक्षा वरचा हवा: उकडलेलं चिकन, पनीर, उकडलेलं अंडं, सगळं बिनमिठाचं, बिनमसाल्याचं. तेवढं जेवणातून वजा करा. कांदा, चॉकलेट, मनुका, द्राक्षं आणि झायलिटॉल घातलेला कोणताही बिनसाखरेचा पदार्थ कुत्र्याला विषारी आहे, तो खिशातही नको.

रोजचा सराव

मैदानाच्या, मोठ्या पार्किंगच्या किंवा रुंद रस्त्याच्या कडेला, जिथून कुत्री लांबून दिसतात अशा जागी उभे राहा. कुत्रं दिसलं, यानं पाहिलं, की लगेच शांतपणे "छान" म्हणा आणि तुकडा द्या. पाहतो आहे तोवर एकामागून एक देत राहा. कुत्रं दिसेनासं झालं की खाऊ बंद. बस्, एवढंच. बस म्हणायचं नाही, माझ्याकडे बघ म्हणायचं नाही.

क्रम मात्र उलटा होता कामा नये. पाव्हलॉव्हचा प्रयोग शाळेत वाचलेला असतो: आधी घंटा, मग अन्न. इथे दुसरं कुत्रं ही घंटा. बहुतेकजण समोरचं कुत्रं आपल्याला आधी दिसलं की घाईघाईनं खिशात हात घालतात आणि याचं लक्ष जाऊ नये म्हणून तोंडात खाऊ कोंबतात. थोड्याच दिवसांत कुत्रा हुशार होतो: पिशवी खुळखुळली म्हणजे जवळपास नक्की कुत्रं आहे! मग तो पिशवीचा आवाज ऐकूनच शोधायला लागतो. त्याला आधी पाहू द्या.

काही दिवसांनी कुत्रं दिसल्यावर तो आपणहून तुमच्याकडे वळून बघेल, "कुठाय माझं?" अशा नजरेनं. हे झालं की अंतर थोडंसं कमी करायचं. दोन पावलं, दहा नाही. दिवसाला दहा मिनिटं पुरतात. उरलेलं फिरणं मुळात कुत्री भेटणारच नाहीत अशा वेळी आणि अशा वाटेनं करा, त्याला हवं तेवढं हुंगू द्या. सरावाबाहेरची प्रत्येक भुंकाभुंकी जमा झालेल्यातून काढून नेते.

साहित्य फार लागत नाही. पुढून कडी असलेला, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस आणि दोन मीटरचा साधा पट्टा. आपोआप गुंडाळणारा दोरीचा पट्टा या कामाला नको: तो कायम ताणलेला असतो, आणि ताण जाणवला की कुत्रा आधीच सावध होतो.

पट्टा सैल ठेवणं बोलायला सोपं आहे. समोर कुत्रं दिसलं की आपला हात आपल्या नकळत आखडतो आणि श्वास रोखला जातो. कुत्र्याला पहिली बातमी तिथूनच लागते. पट्ट्याचा हात पोटाशी धरून ठेवायची सवय लावली की हे बरंच कमी होतं.

आपले रस्ते, आपली लिफ्ट

बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघून केलेला सराव इथे फसतो, कारण त्यात भटकी कुत्री नसतात. आपल्याकडे अंतर फक्त तुमच्या हातात नसतं. समोरचं कुत्रं मोकळं आहे आणि ती गल्ली त्याची आहे.

त्यांचा दिनक्रम पाहून ठेवा. पहाटे आणि रात्री उशिरा, वाहनं कमी झाली की ती जोरात असतात. उन्हं चढली की गाड्यांखाली आडवी होतात. खाणं कुठे टाकलं जातं, कोणत्या टोळीची हद्द कुठल्या चौकात संपते, हे आठवडाभर नुसतं बघितलं तरी कळतं. बऱ्याचदा ती आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत भुंकत येतात आणि तिथे थांबतात. तेवढं चालून जायचं, पळायचं नाही, पाठ पूर्ण फिरवायची नाही. दुपारी रस्ते मोकळे असतात खरे, पण उन्हाळ्यात तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याच्या पंजांनाही नाही.

मोकळं कुत्रं थेट अंगावर आलंच तर मूठभर खाऊ त्याच्या तोंडासमोर जमिनीवर फेका आणि तुम्ही दुसरीकडे वळा. ते वेचत बसतं तेवढ्यात निघता येतं. छत्री उघडून मध्ये धरणंही चांगलं चालतं, फक्त उघडणारी छत्री आपल्या कुत्र्याला घरी आधी ओळखीची करून द्या, नाहीतर तोच आधी पळ काढेल. जुंपलीच तर मध्ये हात घालू नका. पाणी, चादर, दोघांमध्ये सरकवता येईल असं काहीही. मालकांना होणारे चावे पुष्कळदा या मध्ये घातलेल्या हाताला होतात, आणि चावणारा बहुतेक वेळा स्वतःचाच कुत्रा असतो.

दुसरी अडचण लिफ्टची. दार उघडतं आणि दीड मीटरवर पाचव्या मजल्यावरची पग उभी असते. इथे कसला सराव? इथे फक्त टाळाटाळ. दाराच्या समोर नाही, बाजूला भिंतीला लागून उभे राहा. कुत्रा तुमच्या मागे, भिंत आणि पाय यांच्यामध्ये. दार उघडल्यावर कोणी असेल तर "तुम्ही जा, आम्ही पुढची घेतो." त्याच वेळी मूठभर दाणे जमिनीवर विखरून टाका, नाक खाली गेलं की नजरानजर तुटते. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत जिनाच बरा, सांधे ठीक असतील तर.

आणि अचानक कोपऱ्यावर गाठ पडली तर मागे फिरणं. यासाठी एक शब्द घरात शिकवून ठेवा, "चला चला" किंवा काहीही. शब्द उच्चारला, तुम्ही वळलात, तुमच्याबरोबर वळला की खाऊ. हॉलमध्ये, मग पॅसेजमध्ये, मग रिकाम्या पार्किंगमध्ये, पक्कं होईपर्यंत. पहिल्यांदा खऱ्या कुत्र्यासमोर वापरायला काढलात तर चालणार नाही.

पुन्हा सुरू झालं? यातलं काय झालं ते बघा

शिकलेलं पुसून जुनं परत वर येणं हे शिकण्याच्या प्रक्रियेतच आहे. जुनी सवय मिटत नाही, तिच्यावर नवी चढते, आणि ताण वाढला की जुनी डोकं वर काढते. म्हणून "सगळं पाण्यात गेलं" असं समजून नवा ट्रेनर शोधण्याआधी मागचे पंधरा दिवस आठवा.

आपल्याकडे हे सगळ्यात जास्त भाद्रपदात होतं. एक तर तो भटक्या कुत्र्यांचा माजाचा काळ: एका कुत्रीमागे सहा-सात कुत्रे, रात्रभर भांडणं, आणि एरवीच्या हद्दी मोडलेल्या. त्यात गणपती. ढोल-ताशे, मिरवणुका, फटाके, घरात पाहुण्यांची ये-जा. यातली एकेक गोष्ट कुत्रा सहन करतो, पण ती साठत जातात. दुपारी बेल दहा वेळा वाजली, संध्याकाळी खालून ढोल गेला, आणि रात्री फिरायला नेल्यावर एरवी चाळीस पावलांवर चालणारं कुत्रं आज शंभर पावलांवर चालत नाही. घाबरण्याचा शरीरातला परिणाम आवाज थांबल्याबरोबर उतरत नाही, दुसऱ्या दिवसापर्यंतही रेंगाळू शकतो. अशा दिवसांत सराव बंद. फिरणं लहान, ओळखीच्या वाटेनं, घरात चघळायला आणि हुंगून शोधायला काहीतरी. दिवाळीला हेच.

पावसाळ्याचं कारण साधं आहे. फिरणं निम्म्यावर येतं, दुसरी कुत्री दिसणंच थांबतं, आणि ऊन पडल्यावर आपण जूनमध्ये सोडलेल्या अंतरावरून सुरू करायला जातो. जूनच्या दुप्पट लांबून सुरू करा, दोन-तीन आठवड्यांत गाडी जागेवर येते. कानही तपासा.

तिसरं कारण, घरातला दुसरा माणूस. आई अंतर ठेवून नेते आणि बाबा "काय होतंय, सवय व्हायला पाहिजे" म्हणून गेटवरच्या कुत्र्यांमधून नेतात. कुत्र्याच्या दृष्टीनं हे दोन वेगळे नियम नाहीत, एक बेभरवशाचा नियम आहे. बाबांना पटत नसेल तर वादात पडू नका, त्यांना कुत्री नसलेल्या वेळेचं फिरवणं द्या.

खाऊ लवकर बंद करणं हे चौथं. "आता शहाणा झालाय, किती दिवस लाच देणार?" ही लाच नाही, पगार आहे, आणि पगार थांबला की काम थांबतं. कमी करायचा तर सोप्या प्रसंगांचा करा, जवळून गेलेल्या कुत्र्याचा पगार कायम ठेवा.

आणि एखादा खरा हल्ला. मोकळ्या कुत्र्यानं चावलं असेल तर हा बिघाड नाही, ही नवी जखम आहे. शरीराची भरली तरी सुरुवात पहिल्या दिवसापासून धरा, आणि ती गल्ली काही महिने सोडा.

झटका, चोक चेन, "मालक कोण ते दाखवा"

चोक चेनच्या झटक्यानं भुंकणं थांबतं, हे खरं आहे. म्हणूनच ती विकली जाते. पण कुत्र्याच्या डोक्यात जुळणी काय होते? कुत्रं दिसलं की गळा आवळतो. आधी नुसती भीती होती, आता खात्री झाली. वर गुरगुरणंही बंद होतं, आणि गुरगुरणं ही तुम्हाला मिळणारी शेवटची फुकटची सूचना असते. "काही न सांगता एकदम चावला" अशा कुत्र्यांचा पूर्वेतिहास विचारला की गुरगुरल्याबद्दल खाल्लेला मार त्यात बऱ्याचदा निघतो.

कुत्र्याला पाठीवर पाडून "आपण अल्फा", म्हणजे कळपाचे म्होरके, हे दाखवण्याचं खूळ लांडग्यांवरून आलं. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या, कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवर लिहिलं, आणि १९७० च्या सुमारास लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्यामुळे ती कल्पना लोकांपर्यंत पोचली. त्याच मीच यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेची मारामारी नाही. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेनं २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की कुत्र्यांना बक्षिसाच्याच पद्धतीनं शिकवावं, आक्रमक कुत्र्यांनाही. ट्रेनर ठरवताना एकच प्रश्न विचारा: "त्यानं चूक केली तर तुम्ही नेमकं काय करता?" उत्तरात झटका, काटेरी पट्टा किंवा शॉक कॉलर आली तर चहा पाजून वाटेला लावा.

जाळीचा मुसका आणि औषधं

चावण्याची भीती असेल तर जाळीचा, टोपलीसारखा मुसका घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कापडी, तोंड आवळणारा मुसका फिरायला वापरू नका. आपल्या हवेत कुत्रा तोंड उघडूनच अंग थंड ठेवतो, ते बंद केलं तर उष्माघात होऊ शकतो. आत पनीर लावून, काही दिवस नुसतं नाक घालू देऊन सवय करा, पट्टा आवळायची घाई नको.

दीड-दोन महिने नीट अंतर सांभाळूनही काडीचा फरक नसेल, किंवा कुत्रा घरातही सतत दचकत असेल, तर औषधांचा विचार करा. फ्लुऑक्सेटिनसारखी, भीती आणि चिंता कमी करणारी औषधं पशुवैद्य देतात. त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ती कुत्र्याला गुंगीत ठेवण्यासाठी नसतात, हद्द जवळ आणून सराव शक्य करण्यासाठी असतात. घरातल्या माणसाच्या गोळ्या अंदाजानं देऊ नका, आणि सुरू केलेलं औषध मनानं बंदही करू नका. कोणालाही चावा लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी.

सोसायटीचं काय?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकाप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमतानं ठराव करूनही नाही, आणि लिफ्टही अडवता येत नाही. तेच परिपत्रक मालकांना सार्वजनिक जागेत पट्टा लावायला आणि घाण उचलायला सांगतं, हे वाद घालताना सोयीनं विसरू नका. कागद दाखवून हक्क मिळतो, सहकार्य मिळत नाही, आणि अंतर ठेवायला तुम्हाला नेमकं तेच लागतं. त्यापेक्षा इमारतीतल्या बाकीच्या कुत्र्यांच्या मालकांशी फिरण्याच्या वेळा ठरवून घ्या. सकाळी साडेसहा ते सात तुमचे, सात ते साडेसात त्यांचे. वॉचमनकाकांना सांगून ठेवा, गेटवर भटकी कुत्री बसली असतील तर ते इंटरकॉमवर कळवतात.